चपलांची टोकं दाराकडे

योकोहामाच्या त्सुरुमी भागात आम्ही राहतो. घरामागची चढण चढून गेलं की बारा मिनिटांवर झेन बौद्धांच्या सोतो पंथाचं एक लहानसं मंदिर लागतं. दर शनिवारी सकाळी सहाला तिथं बाहेरच्या लोकांनाही झाझेनला, म्हणजे झेन पद्धतीच्या ध्यानाला, बसू देतात. २०२१ च्या हिवाळ्यापासून मी जाते. इतक्या दिवसांत यावर एक ओळ लिहिली नव्हती. यंदा मार्चमध्ये तिथं जे ऐकलं, त्यानंतर लिहावंसं वाटलं.

मंदिराच्या दारात, पादत्राणं काढायच्या पायरीपाशी, एक लाकडी फळी उभी आहे. तिच्यावर चार अक्षरं: क्याक्का शोको. म्हणजे, आपल्या पायाखाली बघ. जपानमधल्या कितीतरी झेन मंदिरांच्या दारात ही अक्षरं दिसतात. त्यांचा रोजचा अर्थ अगदी साधा आहे. चपला-बूट नीट जोडून ठेव, टोकं दाराकडे करून ठेव, म्हणजे जाताना पाय सरळ आत जातील.

पहिल्या दिवशी मी घाईत बूट काढले आणि आत वळले. मागून आलेल्या सत्तरीच्या एका बाईंनी वाकून माझे बूट उचलले, एकमेकांना लावून टोकं दाराकडे करून ठेवले, मग स्वतःचेही तसेच ठेवले आणि आत आल्या. बोलल्या काहीच नाहीत. मी मात्र जागच्या जागी थांबले. त्यांना कल्पना असणं शक्य नव्हतं, पण आमच्या घरात दुसऱ्याच्या पायतणाला हात लावणं ही साधी गोष्ट नाही. माझ्या आजीचे वडील गावात वाड्याच्या दाराबाहेर दुसऱ्याचे जोडे हातात धरून उभे राहिलेले आहेत. स्वतःचे पायात घालून त्या दारावरून जायची त्यांना मुभा नव्हती.

आम्ही नागपूरचे, इंदोऱ्याचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर आजी बारा वर्षांची होती, पांढऱ्या लुगड्यातल्या आईचा पदर धरून उभी. बाबासाहेबांचा आवाज भोंग्यातून ऐकला, चेहरा गर्दीत नीट दिसला नाही, हे ती आजही दरवेळी सांगते. विहार, त्रिशरण, पंचशील यातच मी वाढले. जपानी भिक्खूही आमच्यासाठी नवलाचा नव्हता. साठच्या दशकात नागपुरात आलेले आणि तिथलेच झालेले भदंत सुरेई ससाई आमच्या वस्तीतल्या विहारात असायचे, आणि लहानपणी मला वाटायचं की सगळेच जपानी असं हिंदी बोलतात.

ध्यान मात्र घरात फक्त बाबा करायचे. इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं शिबिर करून आले, आणि मग रोज पहाटे तासभर डोळे मिटून बसायला लागले. आजीला ते फारसं पटायचं नाही. ती म्हणायची, बाबासाहेबांनी आपल्याला उठवलं, आणि हा परत बसून राह्यला. मे २०२१ मध्ये बाबा गेले. कोरोनाची दुसरी लाट होती, मला जाता आलं नाही. सगळं मी फोनच्या पडद्यावर पाहिलं, तेही चुलतभावाचा हात थरथरत होता म्हणून हलतं. त्यानंतर मी संध्याकाळी नुसती चालत सुटायचे. अशाच एका चालण्यात मंदिराच्या फाटकावर झाझेनची पाटी दिसली. शांती वगैरे मिळवायला मी गेले नाही. बाबा रोज जे करायचे ते एकदा करून बघावं, एवढंच होतं.

आणि निघालं ते वेगळंच. बाबा डोळे मिटून बसायचे, इथं डोळे मिटायचे नाहीत. अर्धवट उघडे ठेवायचे, नजर सुमारे पंचेचाळीस अंशांत खाली. सोतो पंथात तोंड भिंतीकडे करून बसतात. जपानमधल्या दुसऱ्या मोठ्या झेन पंथात, रिंझाईत, समोरासमोर बसतात. आधी आपल्या जागेला हात जोडून वाकायचं, मग उजव्या अंगाने वळून समोरच्यांना. गोल, घट्ट भरलेल्या काळ्या उशीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं, दोन्ही गुडघे खाली टेकवायचे. हा तिकोन जमला की पाठ आपोआप उभी राहते. उजव्या तळव्यावर डावा तळवा, अंगठ्यांची टोकं जेमतेम टेकलेली. अंगठे खाली पडले तर झोप येतेय, वर टोकदार झाले तर ताण आहे, हे ओशो-सान बघूनच ओळखतात. जीभ वरच्या दातांच्या मागे. एकदा तोंडाने सावकाश श्वास सोडायचा, कंबरेपासून डावी-उजवीकडे डुलायचं, आधी मोठं, मग लहान, मग थांबायचं. घंटा तीनदा वाजते. पुढची चाळीस मिनिटं, म्हणजे एक उदबत्ती जळून संपेपर्यंत, काही करायचं नाही.

ओशो-सान हा शब्द वाचून पुण्याकडच्या वाचकांना कोरेगाव पार्क आठवेल. इथं मंदिराच्या पुरोहिताला सगळेच ओशो-सान म्हणतात. हा शब्द मुळात आपल्या 'उपाध्याय'चा. मध्य आशियातून चीनमध्ये जाताना त्याचं रूप इतकं घासलं की ओळखू येत नाही. आमचे ओशो-सान साठीच्या आसपासचे आहेत. त्यांचे वडील याच मंदिराचे ओशो होते, आणि आजोबाही.

'काही करायचं नाही' हे ऐकायला सोपं वाटतं. विपश्यनेत निदान काम असतं, श्वास बघायचा, मग अंगावरच्या संवेदना डोक्यापासून पायापर्यंत बघत जायच्या. सोतोच्या 'शिकान ताझा'त, म्हणजे नुसतं बसण्यात, तेही नाही. विचार आला तर हाकलायचा नाही, त्याच्यामागे जायचंही नाही. माझ्या जागेसमोरच्या भिंतीत केसाएवढी एक चीर आहे, खाली येताना डावीकडे वळलेली. तिच्याइतकी ओळखीची दुसरी कुठलीच रेघ मला नाही. चौथ्या की पाचव्या शनिवारी त्या चिरेकडे बघताना फोनचा तो हलता पडदा डोळ्यांपुढे आला आणि मी रडायला लागले. नाक वाहायला लागलं. पुसावं की नाही कळेना, हात तर मुद्रेत अडकलेले. कुणी हललं नाही. घंटा वाजल्यावर सगळे उठले आणि किन्हिन सुरू झालं, ते सावकाश चालणं, एका श्वासाला अर्धं पाऊल. नंतर चहाच्या वेळी ओशो-सान एवढंच म्हणाले, "रडू आलं तर रडत बसायचं. पाठ तेवढी सरळ ठेवायची."

काठीबद्दल लोक हमखास विचारतात. क्योसाकु नावाची चपटी लांब काठी असते, आणि आमच्याकडे ती मागितल्याशिवाय मिळत नाही. मागून पावलं जवळ आली की हात जोडायचे. मग उजव्या खांद्यावर एकदा हलकेच टेकवतात, तुम्ही मान डावीकडे करता, आणि फटका बसतो. आधी आणि नंतर दोघंही एकमेकांना वाकतात. वर्षभर मी मागितली नाही. कुणी काठी घेऊन मागे उभं राहणं माझ्या अंगाला मानवत नव्हतं. नंतर एकदा मागितली. दुखतं त्यापेक्षा आवाज मोठा असतो, आणि खांद्याची गाठ खरंच सुटते. पण अजूनही मी क्वचितच मागते.

बसणं झालं की सगळे मिळून हान्न्या शिंग्यो म्हणतात, म्हणजे प्रज्ञापारमिता हृदयसूत्र. लाकडी माशाच्या आकाराच्या पोकळ वाद्यावर एकसारखा ठोका पडत असतो, आणि त्या ठोक्यावर २६२ अक्षरं, एकेक करून, चाल न बदलता. चिनी अनुवाद झुआनझांगच्या नावावर आहे. शाळेत आपण त्याला ह्युएन त्संग म्हणून शिकलो, सातव्या शतकात पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेलेला तोच. मला त्या अक्षरांतलं तेव्हा काही कळत नव्हतं. पुस्तिकेत बघून ओठ हलवत होते. आणि शेवटी एकदम कानावर आलं: ग्यातेई ग्यातेई, हारा ग्यातेई, हारासो ग्यातेई, बोजी सोवाका.

गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा.

मंत्र होता म्हणून चिनी अनुवादकाने अर्थ न करता नुसता उच्चार उतरवला, तो जपानी तोंडात गेला, आणि दीड हजार वर्षांच्या आसपासचा प्रवास करून त्सुरुमीच्या टेकडीवर इंदोऱ्याच्या मुलीच्या कानात 'स्वाहा' होऊन पडला. गेले, गेले, पलीकडे गेले. बाबांना मी नीट निरोप दिला नव्हता. त्या दिवशी दिला.

झेन हा शब्दही असाच चालत आलेला आहे. ध्यान, पालीत झान, चीनमध्ये चान-ना आणि पुढे नुसतं चान, कोरियात सोन, व्हिएतनाममध्ये थिएन, जपानमध्ये झेन. बाबांचं पहाटेचं बसणं आणि माझं भिंतीकडे बघणं ही एकाच शब्दाची दोन टोकं, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं.

पण चार वर्षांत मी जे शिकले त्यातलं बसण्यातून थोडंच आलं. जास्त आलं ते नंतरच्या अर्ध्या तासातून. त्याला सामू म्हणतात, काम. बादलीत पाणी, हातात झोकिन, म्हणजे जाड शिवलेलं फडकं. ते पिळायचं कसं, चौघडी कशी करायची, एक बाजू मळली की दुसरी कशी काढायची, लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच कसं पुसायचं, हे सगळं दाखवतात. जानेवारीत त्या पाण्याने बोटं बधिर होतात. आमच्या जवळच सोजीजी आहे, सोतो पंथाच्या दोन मुख्य मठांपैकी एक. १३२१ मध्ये केइझानने तो नोतो द्वीपकल्पात स्थापला, १८९८ च्या आगीनंतर १९११ मध्ये त्सुरुमीला हलवला. तिथं दीडशे मीटरहून लांब एक ओसरी आहे, आणि तरुण भिक्षू अनवाणी, ओणवे होऊन, फडक्यावर दोन्ही हात टेकून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत ती पुसतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या त्या पुसण्याने लाकूड आरशासारखं झालंय.

आमच्या मंदिरात शौचालय ओशो-सान स्वतः धुतात. दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. झेन मठात बोलायची मनाई असलेल्या तीन जागा असतात: बसण्याची जागा, न्हाणीघर आणि शौचालय. शौचालयात उसुसामा नावाच्या देवतेची प्रतिमा असते, संस्कृतात उच्छुष्म. सोतो पंथाचा जपानी संस्थापक दोगेन (१२०० ते १२५३), त्याने शौचाला कसं जावं, हात कसे धुवावेत यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे. धर्माच्या थोर ग्रंथात, विश्व आणि काळ यांवरच्या प्रकरणांच्या शेजारी, हात धुणं.

ज्या घरातल्या माणसांना शतकानुशतकं हेच काम लावलं गेलं, आणि ते काम करतात म्हणून त्यांची सावलीही चालली नाही, त्या घरातून मी आलेली आहे. मंदिराचा मुख्य पुरोहित बाह्या बांधून गुडघ्यावर बसून शौचालय घासतोय, आणि त्याला ते ध्यानच वाटतंय, हे दृश्य माझ्यासाठी नुसतं छान नव्हतं. माझा त्यावर विश्वास बसायला वेळ लागला.

दोगेनची एक हकीकत मला फार आवडते. १२२३ मध्ये, तेविशीत, तो धर्म शिकायला चीनला गेला. जहाज बंदराला लागलं होतं, अजून तो उतरला नव्हता, तेव्हा साठीतला एक भिक्षू जपानी व्यापाऱ्यांकडून आळिंबी विकत घ्यायला जहाजावर आला. तो अयुवांग डोंगरावरच्या मठातला मुख्य आचारी होता. अयुवांग म्हणजे अशोकराजा, आपलाच सम्राट अशोक. त्याच्या नावाने चीनमध्ये डोंगर आहे, मठ आहे. दुसऱ्या दिवशी सणाचं जेवण, म्हणून म्हातारा मैलोन्‌मैल चालत आलेला, आणि लगेच परत निघालेला. दोगेन म्हणाला, राहा ना आज, तुमच्याशिवाय का स्वयंपाक अडणार आहे? या वयात ध्यान आणि ग्रंथ सोडून चुलीपाशी कशाला? म्हातारा हसला आणि म्हणाला की परदेशी मित्रा, साधना म्हणजे काय ते तुला अजून कळलेलं नाही. १२३७ मध्ये दोगेनने मठाच्या आचाऱ्यासाठी एक छोटी पुस्तिका लिहिली, त्यात त्याने हे स्वतःच नोंदवलं आहे. तांदूळ निवडताना खडे बघ, खडे निवडताना तांदूळ बघ, अशा प्रकारचं सगळं. आजी तांदूळ निवडताना अगदी हेच करते, तिने दोगेन कधी ऐकलेला नाही.

तिला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती खूश झाली. तोपर्यंत तिचं एकच होतं, "भितीकडं तोंड करून कायले बसतं वो माय? भित काई बोलते काय?" पण ओशो स्वतः संडास धुतो म्हटल्यावर ती गप्प झाली, आणि मग म्हणाली, "हा मानूस बरा दिसते."

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मंदिराच्या ओसरीवरच्या मांडणीत मला सोतो पंथाच्या मुख्य कार्यालयाची एक पुस्तिका दिसली. विषय मानवी हक्क. माझं जपानी वाचन हळू चालतं, त्यामुळे ती मी घरी आणून कोश उघडून वाचली. तिच्यात 'साबेत्सु कायम्यो' हा शब्द होता. भेदभावाची मरणोत्तर नावं.

जपानी बौद्धांत माणूस गेला की पुरोहित त्याला नवं धर्मनाव देतो, कायम्यो. ते थडग्याच्या दगडावर कोरतात आणि मंदिराच्या वहीत, काकोचोत, नोंदवतात. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, चामड्याचं, जनावरं सोलण्याचं काम करणाऱ्यांना समाजाबाहेर ठेवलेलं होतं. त्यांना आज बुराकुमिन म्हणतात. १८७१ च्या सरकारी हुकुमाने ती वर्गवारी कागदोपत्री संपली, पण लग्न, नोकरी, वस्ती यांत ती उरली. १९२२ मध्ये क्योतोत त्यांनी सुइहेइशा ही आपली संघटना उभी केली. तर या लोकांच्या मरणोत्तर नावांत पुरोहितांनी मुद्दाम वेगळी अक्षरं घातली. पशू. नीच. चाकर. कातडं. माणूस मेल्यावरही, दगडावर, कायमचं. अनेक पंथांनी हे केलं, सोतो त्यात होता.

आणि त्या पानांत मला एक शब्द भेटला जो मी उच्चारावरून ओळखला: सेंदारा. चांडाल. ज्या ग्रंथांमधून ध्यान जपानला गेलं, त्याच ग्रंथांमधून चांडालही गेला. चिनी अक्षरांत उच्चार उतरला, एदो काळात तो इथल्या माणसांना चिकटवला गेला. ध्यानाचा झेन झाला याचं मला केवढं कौतुक होतं. त्याच गाठोड्यात हेही बांधून आलं होतं, आणि मी चार ओळी खाली वाचायचे कष्ट घेतले नव्हते.

१९७९ मध्ये प्रिन्स्टनला धर्म आणि शांतता या विषयावरच्या जागतिक परिषदेत सोतो पंथाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने जपानमध्ये असा भेदभाव आता नाही असं सांगितलं. बुराकु संघटनांनी त्याला जाब विचारला. पुढे त्याला ते मागे घ्यावं लागलं, आणि पंथाला आपल्याच वह्या उघडाव्या लागल्या. मंदिरोमंदिरी दगड आणि काकोचो तपासले गेले, नावं बदलली गेली.

माझ्या पणजोबांचं नाव कचरू. गावात हाक 'कचऱ्या', आणि कागदावरही तेच. दीक्षेनंतर त्यांनी आपल्या नातवाचं, म्हणजे माझ्या बाबांचं नाव सिद्धार्थ ठेवलं, आणि आजी सांगते की ते नाव लिहून घेणाऱ्या गुरुजींनी दोनदा मान वर करून बघितलं. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांना सांगायला नको की नाव हा काय प्रकार असतो.

तीन शनिवार मी मंदिरात गेले नाही. चौथ्या शनिवारी गेले, बसले, फडकं मारलं, आणि चहाच्या वेळी पुस्तिका पुढे ठेवून विचारलं, "या मंदिरात होती का अशी नावं?"

ओशो-साननी कप खाली ठेवला. हो म्हणाले. दोन. ते तेव्हा मुलगेच होते. वडील वही तपासत होते आणि यांच्या हातात विजेरी होती, कारण जुन्या शाईची अक्षरं अंधूक झालेली. दोन नावं सापडली, दोन्ही एकाच घरातली वाटणारी. वडिलांनी त्यांना नवी नावं दिली. वही मला दाखवता येणार नाही, कुणालाच दाखवत नाहीत, म्हणाले; कारण पूर्वी लग्नाआधी, नोकरीआधी लोक गुपचूप या वह्यांमधून घराणी शोधायचे. मग थोड्या वेळाने त्यांनी जे सांगितलं ते मी विसरणार नाही. "अक्षर फार सुंदर होतं," ते म्हणाले. "मला तेच आठवतं. एकही फटकारा डळमळलेला नव्हता."

म्हणजे लिहिणारा पाठ ताठ ठेवून बसला होता. श्वास शांत होता. शाई नीट उगाळलेली होती, मन कागदावर होतं, दुसरीकडे कुठेही नव्हतं. आपण ज्याला एकाग्रता म्हणतो, जागरूकता म्हणतो, ज्याची आज ॲपवर वर्गणी भरून दहा-दहा मिनिटं मागणी होते, ती सगळी त्या हातात होती. आणि त्या हाताने एका माणसाला पशू लिहिलं.

युद्धाचंही तेच आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात झेनच्या कितीतरी गुरूंनी जपानी लष्कराची पाठराखण केली, मरणाला न भिणारं स्थिर मन सैनिकाला कसं उपयोगी पडतं ते शिकवलं. १९९२ मध्ये सोतो पंथाने त्याबद्दल लेखी क्षमायाचना प्रसिद्ध केली, त्यात आशियातल्या लोकांवरच्या आक्रमणात पंथ सामील होता हे स्पष्ट कबूल केलं. उशिरा केलं. पण केलं, आणि एखादी धर्मसंस्था आपल्या नावानिशी असं लिहून देते हे मी लहान मानत नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत एक प्रश्न मांडला आहे: बुद्धाने भिक्खू कशासाठी घडवला, परिपूर्ण माणूस म्हणून की लोकांची सेवा करणारा म्हणून? आमच्या घरात हा प्रश्न आजीने बाबांना ध्यानावरून टोकायला वापरला होता. तिच्या टोकण्यात किती अर्थ होता हे मला योकोहामात, चहाचा कप हातात धरून, समजलं.

तरी मी जाते. का जाते याचं उत्तर माझ्यापाशी एका वाक्यात नाही. ओशो-साननी लपवलं नाही, हे एक. आणि त्या भिंतीसमोर मी माझा स्वतःचा तिरस्कारही बराच बघितला आहे, ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत आडनाव विचारणाऱ्या आपल्याच लोकांबद्दलचा, तोही काही थोडा नाही. तो बघायला दुसरी जागा मला सापडलेली नाही.

आजीला हे सगळं सांगायला मी पुष्कळ दिवस लावले. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मला वाटलं, ती म्हणेल, सोड ते देऊळ. ती म्हणाली, "नावं बदललीन, चांगलं केलं. पन त्याइचे लेकरं येतात काय तिथं? त्याइले सांगतलं काय कोनी?"

मी हा प्रश्न ओशो-सानना तसाच नेऊन दिला. त्यांनी खूप वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाले की ते घर केव्हा आणि कुठं निघून गेलं ते कुणाला ठाऊक नाही, वडिलांनी शोध घेतला होता, हाती काही लागलं नाही. सांगायला कुणी उरलं नाही. "पण हिगानला या," म्हणाले.

हिगान म्हणजे दिवस-रात्र सारखे होतात तो आठवडा, वसंतातला एक आणि शरदातला एक. शब्दाचा अर्थ पैलतीर. लोक थडगी धुतात, फुलं ठेवतात, मंदिरात सगळ्या गेलेल्यांसाठी पाठ होतो. यंदा मार्चमध्ये मी पहिल्यांदाच गेले, आणि जाताना बाबांचा फोटो पर्समध्ये ठेवला. दारात साठ-सत्तर जोडे होते, सगळ्यांची टोकं दाराकडे. त्या सत्तरीच्या बाई माझ्या शेजारी होत्या. एक म्हातारे गृहस्थ बूट तसेच टाकून आत गेले. त्या वाकायच्या आत मी वाकले, ते उचलून जोडून ठेवले. हाताला ओली माती लागली, ती रुमालाला पुसली.

पाठ झाला, आणि मग ओशो-सान एका लांब घडीच्या कागदावरून कायम्यो वाचायला लागले. एकेक नाव, सगळ्यांना एकच सूर, एकच वेग. काही घराण्यांचे लोक आपलं नाव आलं की मान खाली घालत होते. काही नावांवर कुणीच मान खाली घालत नव्हतं. ती दोन नावं यात आहेत, त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. कुठली, ते सांगितलं नव्हतं. मी डोळे अर्धवट उघडे ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी ऐकली. त्यातली कुठली दोन, ते मला ओळखता आलं नाही.